मातेच्या उदरातून येणारा हिवताप

हिवताप म्हटला की डास डोळ्यांसमोर उभा राहतो. डास चावला, ताप आला, हे समीकरण आता शाळकरी मुलालाही पाठ झाले आहे. परंतु जन्माला येऊन पुरते सात दिवसही झाले नाहीत, बाळंतिणीच्या खोलीबाहेरचा उजेडही ज्याने पाहिलेला नाही, अशा अर्भकाच्या रक्तात हिवतापाचे जंतू सापडले तर त्याचा दोष कोणत्या डासाला द्यावयाचा? डासाने सोडलेले जंतू प्रथम यकृतात जातात आणि तेथे आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ वाढून मगच रक्तात उतरतात. साहजिकच पहिल्या सात दिवसांत अर्भकाच्या रक्तात जे जंतू दिसतात ते डासाचे देणे नसते, मातेच्या रक्तातून आलेला तो वारसा असतो. यालाच वैद्यकशास्त्र जन्मजात हिवताप म्हणते. या आजाराची नोंद आपल्या सरकारी कागदपत्रांतून क्वचितच आढळते. तो क्वचित होतो म्हणून आढळत नाही, की क्वचित शोधला जातो म्हणून, हा आजच्या आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न ज्या भूभागात प्रकर्षाने विचारला पाहिजे असा एक भाग म्हणजे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा. महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला, वैनगंगेच्या काठी वसलेला हा जिल्हा १८६७ नंतरच्या काही वर्षांत भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून जुन्या मध्य प्रांतात निर्माण झाला. दक्षिणेकडील सखल भागात भातशेती आहे आणि मराठी बोलणारी घरेही आहेत. उत्तर व पूर्वेकडे घाट चढून गेले की बैहरचे पठार लागते. सालवृक्षांची अरण्ये, कान्हाचे प्रसिद्ध अभयारण्य, मलाजखंडची तांब्याची खाण आणि या साऱ्यांच्या मधोमध विखुरलेली बैगा व गोंड बांधवांची पाडेवजा गावे, असा हा मुलूख आहे. डोंगरातून झुळझुळणारे ओहोळ प्रवाशाला रमणीय वाटतात. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या डासांनाही ते तितकेच मानवतात. पीक राखण्यासाठी रात्र शेतात काढणारा बैगा शेतकरी आणि मोहफुले वेचण्यासाठी पहाटेच्या अंधारात रानात जाणारी त्याची पत्नी या डासांच्या तावडीत सहज सापडतात. ती पत्नी गर्भवती असेल तर एका दंशाने दोन जीव धोक्यात येतात.

या टापूतील हिवतापाचा अभ्यास जबलपूर येथील शास्त्रज्ञांनी गेली अनेक वर्षे निष्ठेने केलेला आहे. त्यांत दिवंगत डॉ. नीरू सिंह यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चालविलेल्या हिवताप चिकित्सालयातील तीन वर्षांच्या नोंदींचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भवती स्त्रियांत हिवतापाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. पहिलटकरणींत ते सर्वाधिक होते. हिवताप झालेल्या मातांची १५५ बाळे व हिवताप न झालेल्या मातांची १७५ बाळे यांची वजने तोलली असता पहिल्या गटातील बाळाचे वजन सरासरी ३५० ग्रॅमने कमी भरले. अडीच किलो वजनाच्या जिवाला ३५० ग्रॅमची तूट म्हणजे काय, हे ज्या घरात अशक्त मूल जन्मले त्या घराला सांगावयास नको. त्या अभ्यासात जन्मजात हिवतापाचा एकही रुग्ण मात्र नोंदला गेला नव्हता. पुढे चारच वर्षांनी, २००३ साली, याच शास्त्रज्ञांच्या गटाने मध्य भारतात वारेतील व्हायवॅक्स हिवताप आणि जन्मजात हिवताप आढळल्याचे प्रसिद्ध केले. आधी जे दिसले नव्हते ते मुद्दाम वारेत डोकावल्यावर दिसले. जे शोधावे तेच सापडते, हा व्यवहारातला अनुभव शास्त्रालाही लागू पडतो.

वारेचा उल्लेख येथे सहज म्हणून केलेला नाही. या आजाराचे सारे कपट वारेतच दडलेले आहे. फॅल्सिपेरम जातीच्या जंतूंनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस चिकटून बसतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. गर्भवतीच्या शरीरात या पेशी वारेतील एका विशिष्ट द्रव्याला चिकटून तेथेच ठाण मांडतात, हे फ्रीड आणि डफी या दोन संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले. परिणामी मातेच्या बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात एकही जंतू दिसत नाही आणि वार मात्र जंतूंनी भरलेली असते, असा विपरीत प्रकार घडू शकतो. त्यातच ज्यांना वारंवार हिवताप होऊन गेला आहे अशा स्त्रियांना अंगात जंतू असूनही ताप येत नाही. शेजारच्या छत्तीसगढमधील बस्तर भागात २०२० सालापासून घरोघर सर्वांचे रक्त तपासण्याची मोहीम निघाली, तेव्हा जंतू सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांना आजाराचे कोणतेही लक्षण नव्हते. म्हणजे ताप नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून निदान नाही आणि निदान नाही म्हणून आजारच नाही, असे हे दुष्टचक्र आहे. प्रसूतीनंतर जी वार जमिनीत पुरून आपण मोकळे होतो तीच कित्येकदा या गुन्ह्याची एकमेव साक्षीदार असते.

व्हायवॅक्स जातीचे कपट आणखी निराळे आहे. या जंतूंचा काही अंश यकृतात महिनोन्महिने निद्रिस्त राहतो आणि पुनःपुन्हा उठाव करतो. त्याचा निःपात करणारे प्रायमाक्वीन हे औषध गर्भवतीला देता येत नाही. क्लोरोक्वीनने रक्तातील जंतू मरतात, ताप उतरतो आणि बाई कामाला लागते. यकृतातले शत्रू मात्र जागच्या जागी राहतात. म्हणून चौथ्या महिन्यात हिवतापाचा उपचार झाला, आता चिंता नाही, असे म्हणून चालत नाही. अशा स्त्रीचे रक्त प्रसूतीपर्यंत पुनःपुन्हा तपासले गेले पाहिजे.

आता अर्भकाकडे वळू. गर्भारपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीच्या वेळी माता आणि बाळ यांच्या रक्तामधला पडदा कोठे फाटला की जंतू बाळाच्या रक्तात उतरतात. मग बाळाला ताप येतो, ते अंगावर पीत नाही, किरकिर करते किंवा मलूल पडते, पिवळे दिसू लागते, निस्तेज होते, पोटात प्लीहा वाढते. यांतील एकही लक्षण केवळ हिवतापाचे नाही. नवजात अर्भकाच्या रक्तात इतर जंतूंचा संसर्ग झाला तरी चित्र असेच दिसते. डॉक्टर साहजिकच त्या संसर्गाची इंजेक्शने सुरू करतात आणि ते योग्यच आहे. परंतु इंजेक्शनांनी ताप उतरला नाही तर? पाड्यावर डॉक्टरच नसला तर? तेथे बाळाला दृष्ट लागली, बाहेरची बाधा झाली, असे म्हणून अंगारा लावला जातो. अडाणीपणाचा ठपका त्या मातेवर ठेवून आपण सुटू शकत नाही. टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन तो काचपट्टीवर पाहण्याची व्यवस्था ज्यांनी तिच्या दारापर्यंत नेली नाही, त्यांच्यावर तो प्रथम ठेवला पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो अगदीच निराधार नाही. मातेकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये आणि गर्भावस्थेतील विशिष्ट रक्तद्रव्य यांच्या बळावर बरीच बाळे हे जंतू आपले आपण परतवून लावतात. मग प्रत्येक नवजात बाळाला टोचण्याचा हा खटाटोप कशासाठी? नायजेरियात १,८७५ नवजात बाळांची तपासणी झाली. त्यांत ९५ बाळांच्या, म्हणजे शेकडा पाच बाळांच्या रक्तात जंतू सापडले. या ९५ पैकी सुमारे ६२ टक्के बाळांचे रक्त दोन दिवसांच्या आतच आपोआप स्वच्छ झाले. परंतु सुमारे एक तृतीयांश बाळांना तीन दिवसांत आजाराची लक्षणे दिसू लागली, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. शिवाय तेथील मातांना सतत हिवतापाशी झुंजून जी प्रतिकारशक्ती लाभते, ती बालाघाटसारख्या चढउताराच्या प्रदेशातील मातांना तितकी लाभत नाही. जिथे हिवताप काही वर्षे ओसरतो आणि पुन्हा उसळतो तिथे माता आणि बाळ दोघेही अधिक उघड्यावर पडतात. म्हणून सरसकट सर्व बाळांना टोचावे असे आम्ही म्हणत नाही. कोणाला टोचावे हे ठरविण्याची निश्चित रीत असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ती रीत किती दिवसांसाठी असावी? आपल्याकडे षष्ठीची रात्र जागवितात. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या भाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, म्हणून त्या रात्री घरात दिवा विझू द्यावयाचा नाही, बाळाला एकटे ठेवावयाचे नाही, असा कोकणापासून गोमंतकापर्यंत प्रघात आहे. पहिला आठवडा हा बाळाच्या जिवाला सर्वांत मोठा घोर असतो, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते. परंतु जन्मजात हिवतापाच्या बाबतीत षष्ठी जागवून भागत नाही. अमेरिकेत १९६६ ते २००५ या काळात अशा ८१ बाळांची नोंद झाली. त्यांतील बहुतेकांच्या माता हिवतापाच्या देशांतून तेथे आलेल्या होत्या आणि पाचांतील चार बाळांना व्हायवॅक्सची बाधा होती. त्या बाळांत लक्षणे दिसू लागण्याचे वय सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांचे होते. म्हणजे बारसे होऊन, पाहुणे परतून, घर निर्धास्त झाल्यावर हा ताप दार ठोठावतो. आपल्या जुन्या रिवाजातील बाळंतिणीचा सव्वा महिना येथे अधिक उपयोगी ठरावा.

योगायोग असा की सरकारच्या नवजात अर्भक सेवेची मुदतही जवळजवळ तितकीच आहे. २०११ सालापासून आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे, प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीही जावे, असा नियम आहे. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, तापमापक असतो. हिवतापाच्या मुलखात याच आशा कार्यकर्तीकडे झटपट रक्ततपासणीचा संचही दिलेला असतो. हात तोच, पिशवी तीच आणि घरही तेच! दुर्दैव एवढेच की अर्भक सेवेची वही एका खात्याची आणि हिवतापाची वही दुसऱ्या खात्याची. तापमापकाने बाळाचा ताप पाहणारी आशा कार्यकर्ती त्याच्या रक्ताचा थेंब पाहीलच असे नाही, कारण तसे तिला कोणी सांगितलेले नाही. या दोन वह्या एकमेकींना जोडणे हे या प्रश्नाचे खरे मर्म आहे.

आमच्या मते तीन गोष्टी ताबडतोब करण्यासारख्या आहेत. पहिली, हिवतापाच्या मुलखातील प्रत्येक गर्भवतीचे रक्त, ताप असो वा नसो, प्रत्येक तपासणीच्या वेळी पाहावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशीच हे काम व्हावे आणि निष्कर्ष मातेच्या कार्डावर ठळकपणे लिहावा. दुसरी, प्रसूतीच्या वेळी मातेच्या रक्ताची आणि शक्य तेथे वारेच्या मातेकडील बाजूच्या रक्ताची काचपट्टी घ्यावी. यासाठी वेगळी सुई लागत नाही की आईला वेगळी वेदना होत नाही. नाळेतील रक्तात मातेचे रक्त मिसळलेले असू शकते, म्हणून केवळ त्यावरून बाळाला रोगी ठरवू नये. तिसरी, ज्या बाळाच्या मातेला गर्भारपणात किंवा प्रसूतीच्या वेळी हिवताप आढळला, किंवा जे बाळ पहिल्या बेचाळीस दिवसांत तापले, पिवळे पडले वा दूध पिईनासे झाले, त्याच्या टाचेतील रक्त तपासावे आणि त्याला तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. इतर संसर्गाचा उपचार थांबवून हे करावयाचे नाही. दोन्ही गोष्टी बरोबरीनेच झाल्या पाहिजेत.

निदान झाल्यावर उपचार अवघड नाही, हे या आजारातले समाधान आहे. मातेकडून रक्तावाटे आलेले जंतू बाळाच्या यकृतात शिरलेले नसतात, म्हणून रक्तातील जंतू मारले की काम पुरे होते. अडचण होती ती मात्रेची. पाच किलोहून कमी वजनाच्या बाळासाठी तयार केलेले औषधच नव्हते. मोठ्या मुलांच्या गोळ्या मोडून अंदाजाने मात्रा द्यावी लागे. जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या औषध नियामकांनी दोन ते पाच किलो वजनाच्या बाळांसाठी आर्टेमेथर व ल्युमेफँट्रिन यांच्या खास मिश्रणाला मान्यता दिली. आईच्या दुधातही विरघळवून देता येणारे हे औषध बैहरच्या आरोग्यकेंद्राच्या कपाटापर्यंत कसे पोहोचेल, याची तजवीज दिल्ली व भोपाळ येथील अधिकाऱ्यांनी आजच केली पाहिजे. औषध निघाले आणि ज्याच्यासाठी निघाले त्याच्या ओठापर्यंत ते गेले नाही, अशी उदाहरणे आपल्या देशात थोडी नाहीत.

हे सारे कागदावर ठीक, प्रत्यक्षात कसे व्हायचे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही बालाघाटच्या दोन शेजाऱ्यांकडे बोट दाखवू. उत्तरेला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १,२३३ गावांत तापाच्या रुग्णाचा घरोघर शोध आणि तत्काळ उपचार यांची मोहीम राबविण्यात आली. तीन वर्षांत तेथील हिवताप सुमारे ९१ टक्क्यांनी घटला. दुसरे उदाहरण दक्षिणेकडील गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. इंजेक्शन देण्याचे काम खेड्यातील बाई करू शकेल काय, अशी शंका त्या वेळी पुष्कळांना होती. १९९९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्या ३९ गावांतील नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे जगाला दिसले. वर उल्लेखिलेली आशा कार्यकर्तीची गृहभेट ही याच प्रयोगाची देशभर पसरलेली फांदी आहे. एका शेजाऱ्याने हिवताप हटवून दाखविला, दुसऱ्याने अर्भक वाचवून दाखविले. या दोघांची विद्या एकत्र आणणे एवढेच उरले आहे.

गोमंतकातील वाचक विचारतील, दूरच्या या अरण्यातील दुःखाशी आमचा संबंध काय? संबंध माणुसकीचा आहे, तेवढा पुरेसा आहे. पण तो त्याहूनही निकटचा आहे. तापाच्या साथींनी ओस पडलेले जुने गोवे आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९८६ साली पणजीत हिवतापाचा उद्रेक झाला आणि पुढे इमारती उभ्या राहत असलेल्या जागांवरील साचलेले पाणी व तेथील मजूर यांच्याशी त्याचे नाते जुळल्याचे दिसून आले. मजुरांचे रक्त तपासून त्यांना आरोग्यपत्र देण्याची पद्धत आपल्याकडे सुरू झाली ती त्यातूनच. आज येथील हिवताप फार ओसरला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आजार ओसरला की वैद्याला त्याचा विसर पडतो. मध्य भारतातून, झारखंड व ओडिशातून आलेल्या मजुरांच्या बायकाही येथेच बाळंत होतात. त्यांच्यापैकी कोणाच्या यकृतात व्हायवॅक्स झोपलेला असेल तर तो राज्याची सीमा ओलांडताना उतरून जात नाही. अमेरिकेतील त्या ८१ बाळांचा धडा हाच आहे. बांबोळी, मडगाव, म्हापसा येथील प्रसूतिकक्षांत प्रत्येक परप्रांतीय मातेला गेल्या वर्षभरात कोठे होता, ताप आला होता काय, हे दोन प्रश्न आदराने विचारले जावेत. तिच्याकडे संशयाने पाहण्यासाठी हे प्रश्न नाहीत. आपली घरे बांधणाऱ्या हातांचे आपण एवढे देणे लागतोच.

१९६५च्या सुमारास देशातील हिवतापाचे रुग्ण वर्षाला लाखाच्या घरात आले होते. आता जिंकलोच, असे मानून आपण सैल झालो आणि १९७६ साली हा आकडा ६४ लाखांवर गेला. आता २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचा संकल्प देशाने सोडला आहे. तो तडीस जावा हीच आमची इच्छा आहे. परंतु डासांची पैदास मोजून आणि फवारणीचे आकडे जुळवून तो तडीस जाणार नाही. तापाविना हिंडणारी गर्भवती आणि मुकेपणाने तापणारे अर्भक हे या शत्रूचे शेवटचे किल्ले आहेत. तेथपर्यंत जो हात पोहोचेल तोच हिवतापाचा अंत करील. स्वातंत्र्याची फळे कोणापर्यंत पोहोचली याचा हिशेब राजधानीतल्या समारंभांवरून करावयाचा नसतो. बैहरच्या रानातील एखाद्या झोपडीत पाचव्या दिवशी तापलेल्या बैगा बाळाच्या टाचेतला एक थेंब त्याच दिवशी कोणी काचपट्टीवर पाहिला काय, या प्रश्नाच्या उत्तरावरून तो करावयाचा असतो.